राजे अजून मायक्रोवेव्हपाशीच होते

चिन्मयी, तू फक्त ऐक. मधे बोलायचं नाही, 'अगं पण' करायचं नाही. शनिवारच्या घरी जायच्या फ्लाइटला मी येत नाहीये. थांब! म्हटलं ना, ऐक. सगळं ऐकून घे आणि मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे, मी फोन कानाला लावूनच बसेन.

तुला माझी बीट्रिस मावशी माहितीये. अगं ती नाही का, फुगे, आमचे ते गोल गोड पाव, तळून डबा पाठवते, आणि तू युनीच्या लायब्ररीत एकटीने अर्धा डबा संपवलेलास, ती. ती आणि मानवेल काका आता टार्निटला नसतात. काकांनी बस चालवायचं सोडलं आणि दोघं वेरिबी साउथला समुद्राजवळच्या कॅरव्हॅन पार्कात राहायला गेले. कॅरव्हॅनमध्ये नाही, घरच आहे, पण ट्रकवरून दोन तुकड्यांत आणलेलं आणि तिथे जोडलेलं. पाया नाही. लोखंडी पायांवर उभं. घराच्या पोटाखाली रांगत जाता येईल एवढी जागा असते, बाहेरून फळ्यांची जाळी लावलेली. ही पोटाखालची जागा लक्षात ठेव.

तर नवीन वर्ष लागलं आणि काका कोविड पॉझिटिव्ह. हृदयात स्टेंट असलेला माणूस, अंगात ताप. मावशी निगेटिव्ह, पण तिला दमा. डॉक्टर फोनवर म्हणाले, ह्यांना मागच्या बेडरूममध्ये ठेवा, दार बंद, तुम्ही पुढे हॉलमध्ये राहा, आणि ह्यांची खोली थंड ठेवा, ताप आणि जानेवारीचा हा ऑस्ट्रेलियन उन्हाळा एकत्र ह्या हार्टला परवडणार नाही. अँब्युलन्सवाल्यांकडे तर तेव्हा केवढी रांग, तुला माहितीये. आणि मागची खोली ही पश्चिमेची. पत्र्याचं छप्पर. एसी चालू, तरी त्या खोलीत छत्तीस! आणि फोरकास्ट म्हणत होता, परवा चाळीस.

एसीवाल्यांना फोन केले. 'आयसोलेशनमध्ये आहात? सॉरी मेट, पुढच्या आठवड्यात बघू.' सगळ्यांचं तेच. पोर्टेबल एसी दुकानांतून संपलेले. टेबलफॅन होता, तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. आणि केविन, मावशीचा मुलगा, तो कॅनबेराला गुंगालिनमध्ये स्वतःच पॉझिटिव्ह होऊन पडलेला. तो रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "व्हॅल, तू मेकॅनिकलला आहेस ना?"

मी म्हटलं, "थर्ड इयरला आहे. गणितं सोडवते. स्क्रू नाही सोडवत."

"डक्ट सगळे जमिनीखालून जातात," तो म्हणाला. "घरात शिरायची गरजच नाही. तू खालून बघू शकतेस."

बघ, म्हणजे कसं असतं, एसीचं मशीन बाहेर अंगणात. थंड हवा तिथून जाड चंदेरी नळ्यांमधून, त्यांना डक्ट म्हणायचं, जमिनीखालून प्रत्येक खोलीपर्यंत. खोलीत जमिनीला एक छोटी जाळी, त्यातून हवा वर. मला वाटलं, आपली फ्लाइट शनिवारी, आज सोमवार. घरात पाऊल टाकायचं नाही, खालून काम करायचं आणि निघायचं. मी धोका पत्करत नव्हते ग, शप्पथ. आपली तिकिटं किती वेळा पुढे ढकलली होती ते मला पण माहितीये. दोन वर्षं आईला फक्त स्क्रीनवर बघितलंय मी.

तर गेले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, ग्लव्हज, डोक्याला ओढणी, तोंडाला एन नाइंटीफाइव्ह मास्क. मावशी काचेच्या सरकत्या दारामागे उभी, आणि मला बघून म्हणते काय, "ही काय, मधमाश्या काढायला आलीस?"

फळ्या काढल्या आणि शिरले. चिन्मयी, कोळी! एक काठी पुढे फिरवत फिरवत मी पोटावर सरपटतेय, आणि टॉर्चच्या उजेडात मला दिसतं काय, एक ब्लू-टंग. हातभर लांबीचा सरडा, निवांत पसरलाय. मी किंचाळले. वरून काकांचा आवाज, "काय झालं? मेली का?" मी म्हटलं, "नाही काका, इथे एक सरडा आहे!" तर म्हणतात, "त्याला भाडं भरायला सांग."

पण तो सरडा तिथे का बसलेला, ते बघ. मी जवळ गेले आणि गार वाटलं. मस्त गार! डक्टचा एक जोड सुटलेला आणि सगळी थंड हवा भस्सकन त्या सरड्याच्या अंगावर. वर काका भाजतायत आणि खाली हा महाबळेश्वरला आल्यासारखा! पुढे आणखी. घराचे दोन तुकडे जिथे जोडलेत तिथून मागच्या अर्ध्यात जाणारा डक्ट, त्याच्यावर काकांचा सगळा मासेमारीचा संसार. खेकड्यांची जाळी, दोरखंड, शिशाची वजनं भरलेला क्रेट. डक्ट चेपून पोळीसारखा सपाट.

"काका, हे सगळं तुम्ही डक्टवर ठेवलंय!"

"सावलीत ठेवलंय," वरून उत्तर.

सगळं ओढून बाहेर काढलं. एसी बंद करायला सांगितला, जोड लावला, वर माझ्याकडची ग्रे डक्ट टेप गुंडाळली आणि बाहेर येऊन एकदम हिरोसारखी बसले. एसी चालू. जरा वेळाने खाली काहीतरी फडफडलं. टेप सुटून लोंबत होती! केविनला फोन केला, तर तो शोधून शोधून म्हणतो, "व्हॅल, यू वोन्ट बिलीव्ह धिस. डक्ट टेप डक्टला चालत नाही."

"मग नाव काय उगाच ठेवलंय?"

"उकाड्याने डिंक सुटतो म्हणे. फॉइलची टेप आण. चंदेरी. आणि आधी धूळ पूस, मोठ्या झिप टायने आवळ, मग टेप लाव."

हार्डवेअरच्या दुकानात ऑर्डर टाकली, पार्किंगमधून उचलली, परत आले. परत आत. ह्या वेळी एकेक जोड. फडक्याने पुसायचा, नळीचं तोंड पत्र्याच्या कॉलरवर नीट चढवायचं, झिप टाय दात-ओठ खाऊन ओढायचा, वर फॉइल टेप, नखाने घासून घासून चिकटवायची. पोळी झालेला डक्ट हाताने गोल केला आणि जुन्या बेल्टांनी वर टांगला, जमिनीला टेकायला नको म्हणून. कोपरं सोलली. तोंडात माती. सरडा गेला नाही, एका बाजूला बसून बघत होता, बहुतेक माझ्यावर चिडून.

शेवटचा जोड झाला तेव्हा संध्याकाळ होत आलेली. मी मागच्या खिडकीपाशी गेले, लांबून ओरडले, "काका, पेपरची एक पट्टी फाडा आणि खालच्या जाळीवर धरा. हलतेय?"

आत कागद फाटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "माझ्यासारखीच आहे. पडून."

तो आवाज ऐकायला हवा होतास तू. जोक करत होते, पण प्रत्येक दोन शब्दांनंतर श्वास. खिडकीतून चेहरा दिसला, लाल, कोरडा. घामसुद्धा येत नव्हता. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली तेव्हा.

घरी गेले नाही. गाडीतच बसले, केविनने पाठवलेले सतराशे साठ व्हिडिओ बघत. आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या परत पोटाखाली. एसी चालू ठेवूनच. सगळे जोड हाताने चाचपले, कुठेही गळती नाही. मग मशीनपाशी जाणारा सगळ्यात जाडा डक्ट बघितला आणि तो ना, म्हातारीचे गाल असतात ना दात काढल्यावर, तसा आत ओढला गेलेला. म्हणजे मशीन जिवाच्या आकांताने हवा ओढतंय आणि त्याला हवा मिळतच नाहीये! अगं, एसी हवा बनवत नाही. घरातली हवा ओढून घेतो, गार करतो आणि परत सोडतो. ओढायलाच मिळाली नाही तर सोडणार काय, कपाळ?

रांगतच बाहेर आले, काचेच्या दाराशी गेले. "मावशी, हॉलमध्ये एक मोठी जाळी असेल, भिंतीत खाली. उशीएवढी. कुठेय ती?"

मावशीने मागे वळून बघितलं.

"मावशी?"

"आहे," ती म्हणाली. "गोठ्यामागे."

थांब, तुला गोठा सांगते. तुमच्याकडे गणपतीची आरास करतात तसा आमच्याकडे नाताळचा गोठा. येशूचा बेथलेहेमला जन्म झाला तो. डोंगर करायचा, गवत पसरायचं, मेंढ्या, मेंढपाळ, मधे बाळ. वसईत अख्खी गल्ली करते, स्पर्धा असतात. मावशीने इथे पण सोडलं नाही. प्लायवूडच्या फळीवर माती, त्यात गहू पेरलेला, चांगला वीतभर उगवलेला, मागे गोणपाटाचा आणि खाकी कागदाचा मोठा डोंगर. भिंतीला टेकवून.

"पण डोंगर हलायचा ना सारखा," मावशी म्हणाली. "मागून वारा ओढल्यासारखं व्हायचं. कागद फडफडायचा, एकदा तर देवदूतच पडला. म्हणून मी मागे जुनी गोधडी खोचली. घट्ट."

"केव्हा?"

"नाताळच्या आधी. तेव्हापासून अगदी शांत आहे."

चिन्मयी, मी तिथेच पायरीवर बसले. शांत आहे म्हणे! मी काल दिवसभर कोळ्यांबरोबर काढला आणि हिने एसीच्या नाकाला गोधडी बांधलेली!

मी म्हटलं, "मावशी, गोठा काढ. आत्ता."

तर नाही म्हणाली. सरळ नाही. आमच्याकडे गोठा तीन राजांच्या सणापर्यंत काढत नाहीत, सहा तारखेपर्यंत. ते तीन राजे लांबून बाळाला बघायला येतात ना, तर मावशी त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवते. दाराच्या शेल्फपासून निघतात, मग फ्रिज, मग किचनचा कट्टा. मी म्हटलं, "सण तर चर्चने रविवारीच करून टाकला!"

"चर्चला सोय बघावी लागते. राजांना नाही."

"आणि आता कुठे आहेत तुझे राजे?"

"मायक्रोवेव्हपाशी."

मला हसू पण येत होतं आणि काच फोडावीशी पण वाटत होती. आणि मग ती एकदम म्हणाली, हळू आवाजात, "ह्यांची टेस्ट आली त्या दिवशी नवस बोललेय, व्हॅलेरी. राजे पोचेपर्यंत बेथलेहेमला धक्का लावणार नाही. राजे नीट पोचू देत, हे बरे होऊ देत. आता मी माझ्या हाताने मोडू? आणि उद्या ह्यांना काही झालं तर?"

मी चाळीस डिग्रीला घाबरलेले, ती नवसाला घाबरलेली. आणि दोघी एकाच माणसासाठी. मी ओरडले असते तर तिने दारच लावून घेतलं असतं, मी ओळखते तिला.

मी विचार केला, विचार केला, आणि म्हटलं, "मावशी, मोडायचा नाही. सरकवायचा. डोंगर, मेंढ्या, बाळ, सगळं जसंच्या तसं, फळीसकट दाराकडे आणायचं. बेथलेहेम तेच राहील, फक्त राजांना जास्त चालावं लागेल."

तिने मायक्रोवेव्हकडे बघितलं. "एका उंटाचा पाय मोडलाय," ती म्हणाली.

"तो हळू येईल."

आतून भिंतीपलीकडून काका ओरडले, "बीट्रिस, सरकव ग बाई! राजे बसने येतील! मी सोडतो त्यांना!"

आणि ती हसली. डोळे पुसत पुसत हसली आणि म्हणाली, "आण दोरी."

पण फळी केवढी जड, ओली माती! मावशीला एकटीला ढकलवणार नाही, काकांना उठू द्यायचं नाही, आणि मी आत जायचं नाही. म्हणून काकांच्या खेकड्यांच्या जाळ्याचा दोरखंड घेतला. मावशीने काचेचं दार उघडलं आणि लांब जाऊन उभी राहिली, मी टोक आत फेकलं, तिने फळीला बांधलं. खाली एका बाजूने चादर सरकवली, घसरायला सोपं. आणि मी बाहेरून, पायऱ्यांच्या खाली उभी राहून, मास्क लावून, बेथलेहेम ओढतेय! ते मावशीच्या हॉलमधून सरसर येतंय, गहू डुलतोय, आणि मावशी बाजूने चालतेय, एक हात बाळावर, तोंडाने 'नमो मारिया, कृपापूर्णे'. शेजारची ऑस्ट्रेलियन बाई कुत्रा घेऊन चाललेली, ती थांबली, बघितलं, 'यू राइट, लव्ह?' म्हणाली आणि उत्तर न ऐकताच गेली.

अर्धं आलं आणि अडकलं. गालिच्याची कड. मी जोर लावला तर डोंगर कलायला लागला. मावशी खाली वाकली, कड उचलायला, एकदा, दोनदा, आणि मग बसलीच. गुडघ्यावर. छाती वरखाली. तिचा दम्याचा पंप किचनमध्ये, तिला उठता येईना. भिंतीपलीकडे काका, "बीट्रिस? बीट्रिस?" आणि खोलीचं दार उघडायचा आवाज.

चिन्मयी, तेव्हा मी शनिवारचा विचार केला. केला! खोटं का बोलू? एक सेकंद मला आईचं तोंड दिसलं, एअरपोर्टच्या त्या रेलिंगपाशी. आणि मग मी पायऱ्या चढले.

"काका, दार लावा! मी आहे!" एवढंच ओरडले. मावशीला पंप दिला, खुर्चीत बसवलं. ती हाताने मला बाहेर जा, बाहेर जा करत होती. मी ऐकलं नाही. गालिचा उपटला, फळी धरली आणि ढकलली, पार दारापर्यंत. एक मेंढी पडली, ती उभी केली. मग त्या गोधडीला हात घातला. इतकी घट्ट ओढली गेलेली की दोन्ही हातांनी उपटावी लागली, आणि निघाली तेव्हा, काय सांगू, घराने श्वास घेतल्यासारखा आवाज आला. हूऽऽऽ करून. जाळीमागचा फिल्टर धुळीने राखाडी झालेला, तो सिंकमध्ये धुतला, झटकला, बसवला.

आणि मागच्या खोलीतून काका ओरडले, "अगं, पट्टी उडाली! हातातून उडाली माझ्या! पलंगाखाली गेली!"

केविन फोनवर होता, तो चक्क रडत होता. मला म्हणाला, बाबांच्या दाराखाली टॉवेल लाव आणि त्यांना खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांग, म्हणजे त्यांच्या खोलीतली हवा बाहेर जाईल, हॉलमध्ये येणार नाही. ते केलं. दुपारी त्यांच्या खोलीत अठ्ठावीस, मग सव्वीस.

आता खरं ऐक. नियम चार तासांचा आहे. पॉझिटिव्ह माणसाच्या घरात चार तासांच्या वर राहिलं तर आपण कॉन्टॅक्ट. मला तेव्हा चार तास झाले नव्हते, तशीच बाहेर पडले असते तर कुणीच काही म्हटलं नसतं. मी बूट घातलेच होते. तेवढ्यात मावशी म्हणाली, घसा दुखतोय ग जरा. तिची टेस्ट केली. दोन रेघा.

म्हणजे आत दोन आजारी माणसं, एक स्टेंटवाला आणि एक दम्याची, बाहेर उद्याची चाळीस डिग्री, आणि माझी फॉइल टेप, जी टिकेल की नाही हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला आई. मावशी म्हणाली, "जा बाळा, तिने दोन वर्षं वाट बघितलीय." काका दारामागून म्हणाले, "जा. तुझं बिल मी नंतर देतो."

मी आईला फोन लावला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुझे हात सोलले असतील. हळद लाव." बस. राहा पण नाही म्हणाली आणि ये पण नाही.

मी बूट काढले.

दुसऱ्या दिवशी पत्रा कडकडत होता, ऐकू यायचं. मी दर थोड्या वेळाने खाली जाऊन हात लावून बघायचे. एक जोड सुटायला आला होता, तो परत बांधला. काकांची खोली सत्तावीसच्या वर गेली नाही. रात्री त्यांचा ताप उतरला. मावशीला खोकला आहे, पण पंपावर भागतंय. मी हॉलमध्ये सोफ्यावर, मास्क लावून, गोठ्यापाशी. माझी टेस्ट अजून निगेटिव्ह आहे, पण घरात थांबायच्या सात दिवसांची मोजणी सुरू झालीय आणि शनिवार त्याच्या आत येतो.

आज सहा तारीख. मावशीने झोपूनच मला हुकूम सोडला, आणि मी राजे उचलले. मायक्रोवेव्हपासून सोफ्याच्या हातावर, तिथून दाराशी. लंगड्या उंटाला मी धरून आणलं. आत्ता सगळे बाळासमोर उभे आहेत आणि एसीच्या वाऱ्याने गहू हलतोय.

माझी पिशवी तुझ्याबरोबर पाठवेन, आईसाठी आहे, ती तेवढी ने. आणि गप्प का आहेस? चिडलीयेस, कळतंय मला. चीड. पण आधी खरं सांग. पायात बूट आहेत, दार उघडं आहे, नियमसुद्धा तुझ्या बाजूने आहे. चिन्मयी, तू काय केलं असतंस?